पुरात बेट झालेल्या गावांपर्यंत एअरशिप: चिकोडी, निपाणी, कागवाड पट्ट्यासाठी आखणी

जुलै उजाडला की आपल्या भागात तीच नावं पुन्हा कानावर येतात. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, अकोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी. हे बंधारे पाण्याखाली गेले की लोक लांबच्या रस्त्याने जातात आणि निभावून नेतात. २००५, २०१९ आणि २०२१ ला लांबचे रस्तेही गेले. यमगर्णीजवळ वेदगंगा थेट पुणे-बंगळूर महामार्गावर आली आणि जुगूळ, मंगावती, शहापूर यांसारख्या कृष्णाकाठच्या गावांना चारी बाजूंनी पाण्याने वेढलं. अशा दिवसांत त्या गावांच्या अडचणी समुद्रातल्या बेटांसारख्याच असतात: धावपट्टी नाही, रस्ता नाही, बोट हवामानावर अवलंबून.

जगात एअरशिपचा, म्हणजे हेलियम वायूने भरलेल्या आणि इंजिनाने चालणाऱ्या हवाई जहाजाचा, विचार होतो तो अशाच ठिकाणांसाठी. लक्षद्वीपच्या दहा वस्तीच्या बेटांपैकी धावपट्टी फक्त अगत्तीला आहे. स्कॉटलंडची बेटं, फ्रेंच पॉलिनेशिया इथेही एअरशिपने माल नेता येईल का, याची चाचपणी चालू आहे. बेटासाठी बसवलेलं हे गणित पूरवेढ्यातल्या गावाला कसं लावायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, तालुका आपत्ती समितीतले लोक, साखर कारखान्यांचे इंजिनिअर आणि बेळगावच्या कॉलेजांतली यांत्रिकी शाखेची मुलं यांना हे उपयोगी पडावं.

आधी हे पक्कं करा: एअरशिप पहिल्या दिवसाचं साधन नाही

पूर चढत असतो तेव्हा पश्चिमेचा वारा जोरात असतो, ढग खाली आलेले असतात, पाऊस थांबत नाही. त्या ३६ ते ४८ तासांत एनडीआरएफच्या रबरी बोटी, लष्कर आणि गावातले पट्टीचे पोहणारे हेच खरे कामाचे. एअरशिपची वेळ त्यानंतर येते. पाऊस उघडतो, वारा पडतो, पण वरून धरणांचा विसर्ग चालूच असल्याने पाणी उतरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये असे कित्येक दिवस गेले. त्या काळात गावात अन्न, औषध, बॅटरी संपत जातात आणि हेलिकॉप्टर दहा ठिकाणी हवं असतं. सात-आठ तास हवेत राहू शकणारं, पत्रे न उडवता गावावर थांबणारं आणि उतरायला धावपट्टी न मागणारं साधन तेव्हा उपयोगाला येतं.

नियोजनासाठी साधी मर्यादा अशी धरा: तळावर स्थिर वारा ताशी ३५ किलोमीटरच्या आत, झोताचा वेग त्याहून १५-१८ ने जास्त नको, ढगांचा तळ जमिनीपासून ३०० मीटरच्या वर, दृश्यमानता ५ किलोमीटर. जहाजाच्या (म्हणजे एअरशिपच्या) नियमपुस्तिकेत याहून कडक आकडा असेल तर तोच पाळायचा.

खानापूर तालुक्यातली गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव ही गावंही पावसाळ्यात तुटतात, पण तिथे एअरशिपचा आग्रह धरू नका. भीमगडच्या जंगलात धुकं, दऱ्यांतून वळणारा वारा आणि उंच झाडं या तिन्ही गोष्टी ७५ मीटर लांबीच्या जहाजाला घातक आहेत. त्या गावांना औषधं पोचवायला ड्रोन आणि नाल्यांवर पूल, हाच सरळ उपाय आहे.

पहिला टप्पा: दोराला बांधलेला फुगा

नागरी वाहतुकीसाठी नियमित उडणारं एअरशिप आज भारतात नाही. डीआरडीओच्या आग्र्यातल्या प्रयोगशाळेने टेहळणीचे बांधलेले फुगे बनवले आहेत, आणि मे २०२५ मध्ये श्योपूरहून अतिउंचावरच्या एअरशिपची पहिली चाचणी झाली, ते सुमारे १७ किलोमीटरवर गेलं. आयआयटी मुंबईत या विषयावर बरीच वर्षं संशोधन चालू आहे. पण तालुक्याला लगेच जमण्यासारखं काम म्हणजे संपर्काचा फुगा. हेस्कॉमचा वीजपुरवठा तुटतो, मोबाईल टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते आणि गाव मुकं होतं. १५० मीटरवर टांगलेला वायरलेस रिपीटर सपाट नदीकाठावर सरळ रेषेत ४० किलोमीटरपर्यंत पाहतो. चिकोडीच्या बाजूला उभा केला तर निम्मा पट्टा त्यात येतो.

६० घनमीटरच्या माशाच्या आकाराच्या फुग्याचा हिशेब असा. आपल्या उंचीवर आणि तापमानात हेलियमची उचल घनमीटरमागे सुमारे ०.९२ किलो, म्हणजे एकूण ५५ किलो. कापड आणि शेपटीचे पंख २२ किलो, दोऱ्या-कड्या ४, वीजतारेसह दोर १५० मीटरचा ६, यंत्र १० किलो. बेरीज ४२. उरलेली १३ किलो ही मोकळी उचल, एकूण उचलीच्या जवळपास पावपट. ती १५ टक्क्यांखाली गेली तर वारा फुग्याला वर ठेवण्याऐवजी आडवा पाडतो आणि फुगा उसात जाऊन बसतो.

मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर हेलियम येतो, तेव्हा भरायला ९ सिलिंडर आणि झिरपलेला भरून काढायला ३ जादा. मोकळी उचल १३ किलो असली तरी सोसाट्याच्या वाऱ्यात दोरावरचा ताण १०० किलोच्या घरात जातो, म्हणून दोर किमान १,००० किलोला तुटणारा घ्या. रहाट (दोर गुंडाळण्याचं यंत्र) ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवा आणि ट्रॉलीत दोन टन वाळू किंवा मुरूम भरा. ओल्या काळ्या मातीत ठोकलेल्या खुंटीवर विसंबू नका, दोन दिवसांच्या पावसानंतर ती हाताने उपटता येते.

जुलै-ऑगस्टच्या संततधारेत विजा तुलनेने कमी असतात. वळीव आणि परतीचा पाऊस यांत मात्र फुगा वर ठेवायचाच नाही. गडगडाट ऐकू आला तर तो खाली घ्यायला सुरुवात करायची आणि ओल्या दोराला हात लावायचा नाही.

तळ कुठे करायचा

सगळ्यांच्या मनात पहिलं नाव बेळगावच्या सांबरा विमानतळाचं येतं. तिथे हवामान खातं, अग्निशमन, हवाई नियंत्रण सगळं आहे. पण सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटरवर, आणि कृष्णाकाठची गावं ५४० च्या आसपास. शिवाय सांबऱ्याहून यडूरपर्यंत सरळ रेषेत ८० किलोमीटर. ताशी ८० च्या वेगाने निघालेल्या जहाजाला पश्चिमेचा ३५ चा आडवा वारा लागला की जमिनीवरचा वेग ७२ राहतो. एका खेपेचे जाण्यायेण्याचे सव्वादोन तास. म्हणून सांबरा हा दुरुस्तीचा आणि वादळात आसऱ्याचा तळ ठेवावा, आणि कामाचा तळ निपाणी-चिकोडीच्या बाजूला, पूररेषेच्या वर. तिथून बहुतेक गावं २० ते ४० किलोमीटरवर येतात.

त्यासाठी सगळ्यात सोयीची जागा साखर कारखान्याचा गाडीतळ. गाळप हिवाळ्यात असतं, त्यामुळे पावसाळ्यात ते मैदान रिकामं असतं. मुरूम दाबून पक्कं झालेलं, कुंपण असलेलं, पाणी आणि वीज असलेलं. शिवाय तिथे वजनकाटा असतो, आणि एअरशिपच्या धंद्यात वजनकाट्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. अडचण धुराड्याची आणि उंच शेडची. त्यांच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा घुसळते, म्हणून जहाज बांधायचा खांब धुराड्याच्या पश्चिमेला, शक्य तितक्या लांब उभा करायचा.

जहाज नाकाने खांबाला बांधलेलं असतं आणि वारा फिरेल तसं त्याभोवती फिरतं. ७५ मीटर लांबीच्या जहाजाला १०० मीटर त्रिज्येचं मोकळं वर्तुळ लागतं, म्हणजे जवळपास आठ एकर. त्या वर्तुळात दिव्याचा खांब, बाभूळ, उभी ट्रॉली, काहीही चालणार नाही. खांबावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो: वारा दुप्पट झाला की जोर चौपट. खांब, रहाट, नाकाची कडी हे काम बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रींच्या आणि मशीनशॉपच्या आवाक्यातलं आहे, पण आराखडा जहाज बनवणाऱ्याचाच घ्यायचा. नाकाची कडी आपल्या अंदाजाने ओतून चालत नाही.

वजनाचा हिशेब: सगळं इथेच अडतं किंवा सुटतं

समुद्रसपाटीला, १५ अंशाला, शुद्ध हेलियम घनमीटरमागे १.०५ किलो उचलतो. पुस्तकात हाच आकडा असतो आणि बहुतेक उत्साही आराखडे याच्यावरच फसतात. आवरणाच्या आत हवेच्या पिशव्या असतात. जहाज वर गेलं की हेलियम फुगतो आणि या पिशव्यांतली हवा बाहेर पडते. पिशव्या पूर्ण रिकाम्या होतात ती उंची ओलांडली तर हेलियमच सोडावा लागतो. म्हणून तळावर हेलियम किती भरायचा हे तळाच्या उंचीवर ठरत नाही, वाटेतल्या सगळ्यात उंच उड्डाणावर ठरतं. दर १०० मीटरला सुमारे एक टक्का उचल जाते.

८,००० घनमीटरचं जहाज धरू. फ्रीडरिशहाफेनला प्रवासी नेणारं झेपेलिन एनटी साधारण याच मापाचं आहे. निपाणीजवळचा तळ ६०० मीटरवर, वरून २५०-३०० मीटर उंचीने उड्डाण, म्हणजे मर्यादा ९०० मीटर. २४ अंश तापमान आणि ९७ टक्के शुद्ध हेलियम धरला तर घनमीटरमागे ०.८९ किलो, एकूण सुमारे ७,१३० किलो. समजा रिकामं वजन ५,५००. दोन चालक १६०, इंधन ३५०, राखीव पाणी २५०. हाती उरतात ८७० किलो. हाच प्रवास सांबऱ्याहून ११०० मीटरच्या मर्यादेने केला तर आणखी दीडशे किलो कमी, आणि दीडशे किलो म्हणजे तीनशे माणसांचा एक दिवसाचा शिधा. तळ खाली आणि जवळ हवा तो एवढ्यासाठी.

या गणितात तीन गोष्टी दिवसभर हलत राहतात.

इंधन जळतं, तासाला सुमारे ५० किलो. तेवढं जहाज हलकं होत जातं.

पाऊस आवरणावर बसतो. वरचा अर्धा भाग १,३०० चौरस मीटर, त्यावर ०.१५ मिलिमीटरचा पाण्याचा पापुद्रा धरला तरी १९५ किलो. जवळजवळ पाव खेप पावसानेच खाल्ली.

आणि उघडीप. ढग फाटून ऊन पडलं की आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांनी सहज तापतो आणि २८०-२९० किलो जादा उचल येते. आवरणही त्याच वेळी वाळतं. म्हणजे श्रावणातल्या ऊन-पावसात अर्ध्या-पाऊण तासात जहाज पावणेपाचशे किलोने हलकं होऊ शकतं. चालकाला हे ठाऊक असतं, पण खाली दोर धरणाऱ्यांना नसतं. ढगाची कड सरकताना दिसली की माल उतरवणं थांबवा, आधी पाणी घ्या.

पाणी घेणं हाच या सगळ्याचा कणा आहे. गावात ५०० किलो माल उतरवला की जहाज ५०० किलोने हलकं. ते वजन जागच्या जागी परत भरलं नाही तर चालकाला हेलियम सोडावा लागेल. भारतात हेलियम जवळजवळ सगळा आयात होतो. आपल्या जहाजाचं एक भरण म्हणजे सुमारे १,१५० सिलिंडर. तो हवेत सोडणं परवडणारं नाही. समुद्री बेटावर खारं पाणी घेतात आणि टाक्या गंजतात. आपल्याकडे चारी बाजूंना पुराचं पाणी आहे, फक्त ते गाळाचं आहे. दोन इंची पेट्रोल पंप २५ मीटर उंचीपर्यंत पाणी फेकणारा निवडा, त्याच्या तोंडाला बारीक जाळी आणि त्यावर गोणपाट बांधा. उसाचा पाला जाळीत बसतो, म्हणून दर खेपेला धुवा. परतीला रुग्ण, बाळंतीण, वृद्ध माणसं येणार असतील तर त्यांचं वजन पाण्याऐवजी धरायचं. सात माणसं आणि त्यांची बोचकी म्हणजे साधारण ४५० किलो. अंदाजाने लिहू नका, गावात धान्याचा काटा असतो त्यावर उभं करा.

८७० किलोत काय न्यायचं

१,२०० वस्तीचं गाव धरा. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी म्हणजे १८ टन. एअरशिपने पाण्याच्या बाटल्या नेणं म्हणजे खेप फुकट घालवणं. गढूळ पाण्याला आधी तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, मग २५ टक्के क्लोरीनची ब्लिचिंग पावडर १,००० लिटरला २० ग्रॅम. अर्ध्या तासाने लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का ते किटने तपासायचं, नसेल तर मात्रा वाढवायची. १८,००० लिटरला पावडर ३६० ग्रॅम आणि तुरटी किलोभर. वाया जाण्यासकट पाच किलो पाठवा, अठरा टनांचं काम होतं.

कोरडा शिधा माणशी अर्धा किलो, म्हणजे दिवसाला ६०० किलो: तांदूळ, डाळ, तेल, मीठ. पहिल्या खेपेत मात्र शिजवायला न लागणारं पाठवा, कारण सरपण भिजलेलं असतं आणि गॅसची टाकी वाहून गेलेली असते. पोहे, शेंगदाणे, गूळ. चुरमुरे नकोत, ते हलके असले तरी माल उतरवायच्या जाळीतली सगळी जागा खातात.

उरलेल्या २७० किलोत औषधं. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन थंड पेटीत, ओआरएस, जखमेचं सामान, सर्पदंशावरचं प्रतिविष. पुरात साप कोरड्या जागी म्हणजे नेमके घरात आणि शाळेत येतात. डायलिसिसवरचे रुग्ण आणि शेवटच्या महिन्यातल्या गरोदर बायका यांची यादी आशा कार्यकर्तीकडे असते. ती जूनमध्येच मागून घ्या, पहिल्याच परतीत त्यांना आणा.

जनावरांचं काय, हा प्रश्न कोणत्याही परदेशी आराखड्यात सापडणार नाही, पण इथे तोच पहिला आहे. लोक गाव सोडत नाहीत ते दावणीतल्या म्हशींसाठी. एका म्हशीला दिवसाला सहा-सात किलो कडबा धरला तर ८०० जनावरांना पाच टन लागतात. एअरशिपला ते झेपणार नाही. राजापूर बंधाऱ्याचा आणि कोयनेचा विसर्ग वाढल्याचा निरोप येताच जनावरं वरच्या छावणीत हलवणं, हाच उपाय. एअरशिपच्या भरवशावर हे काम मागे टाकलं तर माणसंही अडकतील.

गावातली जागा

शाळेचं मैदान, देवळासमोरचं पटांगण, मोठं खळं. किमान ६० बाय ६० मीटर मोकळं, तारांपासून १०० मीटर लांब. ताडपत्रीचा पाच मीटरचा पांढरा फुलीचा पट्टा, चार कोपऱ्यांना दगड, आणि वाऱ्याची दिशा दाखवायला दहा फुटी काठीला साडीचा तुकडा. जहाजाचे लोंबते दोर बारा फुटी उसात अडकतात, म्हणून येण्याची दिशा उसावरून नको.

विजेच्या तारांबद्दल एकच नियम: लाईट गेली आहे यावर विसंबायचं नाही. कुणाचा तरी जनरेटर उलटा पुरवठा देत असतो. हेस्कॉमच्या माणसाने लेखी सांगितल्यावर आणि तार जमिनीला जोडल्यावरच ती मेली म्हणायची.

गावावर थांबून माल उतरवण्याचा क्रम

१. जहाज वाऱ्याला तोंड करून, फुलीच्या वाऱ्याआडच्या बाजूने हळू पुढे येतं आणि २०-२५ मीटरवर थांबतं. खाली फक्त चार माणसं. बाकीचे गर्दी अडवायला बांधलेल्या दोराच्या पलीकडे.

२. पहिला खाली येतो तो भुईतारेचा दोर. तो जमिनीला किंवा पाण्याला टेकेपर्यंत कुणीही काही धरायचं नाही. आवरणावर साठलेली स्थिर वीज माणसाला आडवी करते.

३. पाण्याची नळी खाली येते, पंप चालू. पहिले १५० लिटर वर गेले की चालक हात दाखवतो.

४. मग पहिली जाळी, १५० किलोची. ती टेकली, कडी सुटली, की पुन्हा १५० लिटर. वजन आधी चढवायचं, माल नंतर उतरवायचा. हा क्रम कधीच उलटा नाही.

५. प्रत्येक जाळीची नोंद वर आणि खाली दोन्ही वह्यांत. आकडे जुळले नाहीत तर थांबायचं.

६. रुग्ण घ्यायचा असेल तर जहाज उतरलेलं असलं पाहिजे, किंवा रहाटाचं प्रशिक्षण घेतलेला जवान सोबत हवा. गावकऱ्यांनी बाजेला दोर बांधून माणूस वर पाठवायचा नाही.

१५० किलोच्या चार जाळ्यांना सगळं सुरळीत असेल तर अर्धा तास लागतो.

दोर धरणारी माणसं

तळावर पंधरा-सोळा जणांची तुकडी लागते. तरुण मंडळांची पोरं या कामाला उत्तम, पण एक गोष्ट त्यांच्या अंगात भिनवावी लागते: पाय जमिनीवरून सुटले की त्याच क्षणी दोर सोडायचा. ११ मे १९३२ ला कॅलिफोर्नियात कॅम्प कर्नी इथे अक्रॉन हे अमेरिकन नौदलाचं जहाज उन्हाने तापून अचानक वर गेलं. तीन खलाशी दोराला लटकत वर गेले, त्यातले दोघे पडून मेले. त्यांनी हिमतीने दोर धरून ठेवला होता, आणि तिथेच घात झाला. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, त्याला गाठ मारून हात अडकवायचा नाही. हातमोजे चामड्याचे, नायलॉनचे नकोत.

आपल्या तुकडीत मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी माणसं असणार. इंजिनाच्या आवाजात कानडीतलं 'हिडि' म्हणजे धर आणि 'बिडि' म्हणजे सोड हे एकसारखेच ऐकू येतात. इथे चुकीला जागा नाही, म्हणून तोंडी हुकूम बंद. एक लांब शिट्टी म्हणजे सोडा, दोन तोकड्या म्हणजे धरा, आणि सोबत हाताची खूण. तालमीत हेच घोटवून घ्या.

काय बिघडतं आणि का

आवरणातला दाब फार थोडा असतो, पाच सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. तो टिकवायला पंखे सतत चालावे लागतात. रात्री खांबाला बांधलेलं असताना वीज गेली आणि जनरेटर चढला नाही तर नाक आत दबतं, आवरण फडफडतं आणि शिवणी उसवतात. दोन जनरेटर, एक बॅटरीसंच आणि रात्रभर जागा असणारा माणूस हे तिन्ही हवेत.

खांबावरून निसटणं हा दुसरा धोका. ब्रिटनमध्ये कार्डिंग्टनला १८ नोव्हेंबर २०१७ ला एअरलँडर १० हे जहाज बांधलेल्या जागेवरून सुटलं. सुटल्यावर आवरण आपोआप फाडून वायू सोडणारी यंत्रणा होती, म्हणून ते उडत जाऊन लोकांवर पडलं नाही. पण जहाज गेलं. आपल्या जहाजावर ही फाडयंत्रणा आहे ना, आणि तिची शेवटची तपासणी कधी झाली, हा पहिला प्रश्न विचारा.

तिसरा, वादळाची रांग. पूर्वेकडून काळी भिंत येताना दिसली तर माल तसाच ठेवून तळाकडे निघायचं, किंवा तिच्यापासून दूर मोकळ्यावर. १९२५ मध्ये शेनांडोआ हे जहाज ओहायोत अशाच झंझावातात तुटलं. गाव वाट पाहत असतं तेव्हा परत फिरणं जड जातं, म्हणून हा निर्णय फक्त चालकाचा, त्याला फोन करून कुणी आग्रह करायचा नाही.

चौथं हळू बिघडतं: हेलियमची शुद्धता. आवरणातून हेलियम बाहेर झिरपतो तशी हवा आत येते. शुद्धता एक टक्का घटली की आपल्या जहाजाची सत्तर किलोच्या वर उचल गेली. दर आठवड्याला मीटरने मोजा, ९५ खाली गेली तर गाळणी यंत्र लावा. हेलियम महाग म्हणून हायड्रोजन वापरू, असं कुणीतरी सुचवेलच. माणसं, जनरेटर आणि पेट्रोल पंप यांच्या गर्दीत तो विचार करूच नका.

परवानग्या

बांधलेल्या फुग्यालाही हवाई नियंत्रणाची परवानगी लागते. सांबऱ्याला हवाई दलाचं केंद्र आहे, त्यांची वेगळी संमती. एअरशिपला डीजीसीएची मान्यता आणि परवानाधारक चालक. वायरलेससाठी वेगळा परवाना. या सगळ्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत जानेवारीत जायला हवा, पूर आल्यावर नव्हे. कुरुंदवाड, नृसिंहवाडी हा महाराष्ट्रातल्या शिरोळ तालुक्याचा भाग नदीच्या वरच्या अंगाला लागूनच आहे. उतरण्याच्या जागांची यादी दोन्ही राज्यांची एकच करा आणि कोल्हापूरच्या हवाई नियंत्रणालाही कळवा, नाहीतर दत्तवाडला जाणारी खेप मलिकवाडवरूनच परत फिरेल.

मे महिन्यातली तालीम आणि पूर ओसरल्यावरचं काम

तालमीला जहाज लागत नाही. क्रेनच्या हुकाला २० मीटरवर जाळी टांगा, खाली पंप लावा आणि गावातल्या चार माणसांकडून वरचा सगळा क्रम करून घ्या. वाळूची पोती वजनकाट्यावर मोजून १५० किलोची जाळी भरायची सवय लावा. डोळ्यांच्या अंदाजाने भरलेल्या जाळ्या जवळजवळ नेहमीच जड भरतात. गावोगावच्या जागांचे अक्षांश-रेखांश, तारांचा नकाशा आणि फुलीची ताडपत्री तलाठ्याकडे आणि पंचायतीत, दोन्हीकडे ठेवा. एक कचेरी पाण्यात असेल तर दुसरी उपयोगी पडते.

पूर ओसरला की आवरण ओलं गुंडाळू नका. शिवणीत ओल राहिली तर बुरशी लागते आणि पुढच्या वर्षी भरताना कापड शिवणीवर सुटतं. सावलीत, पंख्याच्या हवेत दोन दिवस वाळवा, आतून टॉर्चने भोकं पाहा, पाण्याच्या टाक्यांतला गाळ खरवडून काढा, दोराचा प्रत्येक मीटर बोटांतून फिरवून पाहा. जिथे तंतू तुटून दोर केसाळ लागेल तो तुकडा कापून टाका. तो पुन्हा जोडून वापरायचा नाही.